फोटोच्या पाठीवरचा शिक्का: गेर्डा तारो आणि रॉबर्ट कापा यांच्या गोष्टीवरून लिनोकटचं घडीपुस्तक

पूर्वी वर्तमानपत्राकडे फोटो जायचा तेव्हा त्याच्या पाठीवर रबरी शिक्का असायचा. फोटो कुणाचा, पैसे कुणाला द्यायचे, नाव कुणाचं छापायचं, हे सगळं त्या शिक्क्यावरून ठरे. १९३६-३७ या एका वर्षात, यादवी युद्ध चाललेल्या स्पेनमधून पॅरिसला आलेल्या काही फोटोंच्या पाठी एकापुढे एक मांडल्या तर आधी दिसतं ‘कापा’, मग ‘रिपोर्ताज कापा आणि तारो’ आणि शेवटी ‘फोटो तारो’. मला ही सगळी प्रेमकथा त्या तीन शिक्क्यांत दिसते. दोन माणसं एका नावात राहायला गेली, मग दोघांचं नाव झालं, मग तिचं तिला स्वतःचं मिळालं. आणि मिळाल्यावर काही महिन्यांत ती गेली.

लिनो म्हणजे लिनोलियमचा तुकडा; त्यावर चित्र कापून, शाई लावून कागदावर छाप घेतात. हा लेख ज्यांनी कधी लिनो कापलेला नाही, त्यांच्यासाठी आहे. आपण सात पानांचं घडीपुस्तक करायचं आहे. एकच लांब कागद, उलटसुलट घड्या घातलेला, प्रत्येक पानावर एक छाप. निवांत केलं तर चार-पाच रविवार लागतात.

गोष्ट आधी, हत्यारं नंतर

कटर हातात घेण्याआधी एक आठवडा फक्त गोष्टीला द्या. मी शिकवते तेव्हा नवे लोक पहिल्याच दिवशी दोन चित्रं काढून आणतात. एकात दोघं मिठीत असतात, दुसऱ्यात रणगाडा असतो. त्यांचं चुकतं असं नाही, पण ती चित्रं कुठल्याही युद्धातल्या कुठल्याही जोडप्याची होतात. या दोघांची होत नाहीत.

तर हे दोघं कोण? गेर्टा पोहोरिले हिचा जन्म १ ऑगस्ट १९१० चा, श्टुटगार्टचा, ज्यू कुटुंबातला. पुढे लाइपझिगमध्ये असताना १९३३ साली नाझीविरोधी पत्रकं वाटल्याच्या संशयावरून तिला अटक झाली. सुटल्यावर तिने जर्मनी सोडली आणि पॅरिस गाठलं. एंड्रे फ्रीडमन बुडापेस्टचा, जन्म २२ ऑक्टोबर १९१३ चा, तोही परागंदा. १९३४ मध्ये त्याला एका फोटोसाठी मॉडेल हवी होती. त्याने जिला विचारलं ती एकटी जायला बिचकली आणि सोबतीला मैत्रिणीला घेऊन गेली. ती सोबतीण म्हणजे गेर्टा.

पुढे ती अलायन्स फोटो या संस्थेत काम करू लागली. फोटो कसे विकतात, फोटोखालच्या ओळी कशा लिहितात, कुठल्या संपादकाला काय हवं असतं, हे ती तिथे शिकली. फोटो काढणं ती त्याच्याकडून शिकली. १९३६ मध्ये दोघांनी एक माणूस रचला: रॉबर्ट कापा, श्रीमंत अमेरिकन छायाचित्रकार. निर्वासित पोरांच्या फोटोंना भाव मिळत नव्हता, या अमेरिकनाच्या फोटोंना मिळू लागला. एंड्रे त्या नावाचा धनी झाला. गेर्टाने स्वतःसाठी घेतलं गेर्डा तारो. ऑगस्ट १९३६ मध्ये दोघं युद्धाचे फोटो काढायला स्पेनमधल्या बार्सिलोनात पोहोचले. ती सव्वीस वर्षांची, तो बावीसचा.

आता भिंतीवर एक कागदी पट्टी चिकटवा आणि या तारखा तिच्यावर लिहा. खालच्या बाजूला आपल्याकडच्या तारखा लिहा. १९ जुलै १९३७ ला मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं; त्यानंतर आठवडाभरात माद्रिदजवळ गेर्डा गेली. १९३८ साली कापा चीनमधलं युद्ध टिपत होता. त्याच वर्षी सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकासोबत चीनला निघाले. यातलं काही पुस्तकात येणार नाही. पण ही पट्टी समोर असली की ते दोघं परक्या गोष्टीतली पात्रं वाटेनाशी होतात, आपल्या आजोबा-पणजोबांच्या वयाची माणसं वाटायला लागतात. माझ्या हाताला तरी त्याने फरक पडला.

चौकोन तिचा, आयत त्याचा

या गोष्टीत चित्रकाराला आयती सापडणारी एक गोष्ट आहे आणि पुस्तकाची सगळी रचना मी तिच्यावरच उभी करते. सुरुवातीच्या महिन्यांत तारोकडे रोलायफ्लेक्स कॅमेरा होता, कापाकडे लायका कॅमेरा. रोलायफ्लेक्सची निगेटिव्ह चौरस असते, सहा बाय सहा सेंटिमीटर. लायकाची आडवी, चोवीस बाय छत्तीस मिलिमीटर, म्हणजे दोनास तीन. म्हणून १९३६ चे कुठले फोटो तिचे आणि कुठले त्याचे हे अभ्यासकांना पुष्कळदा नुसत्या आकारावरून ओळखता आलं. १९३७ मध्ये तीही लायका वापरू लागली आणि ही खूण पुसली गेली.

तेव्हा दोन साचे ठरवा. चौकोन ९ बाय ९ सेंटिमीटर, आयत ९ बाय साडेतेरा. उंची एकच, त्यामुळे ते शेजारी ठेवले की फिल्मच्या पट्टीसारखे वाटतात. पुस्तकाच्या पहिल्या भागात तिच्या पानावर चौकोन येईल, त्याच्या पानावर आयत. पुढे सगळेच आयत. शब्द न वापरता इतकं सांगता येतं.

आणखी एक गोष्ट हातानेच कळते. रोलायफ्लेक्स पोटाशी धरतात आणि वरून खाली काचेत बघतात. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं. माणूस डावीकडे चालला की काचेतला उजवीकडे जातो. लिनोचंही तसंच: ठोकळ्यावर उजवीकडे कापलेलं कागदावर डावीकडे उमटतं. पहिल्या दिवशी हे उलटंपालटं डोक्यात बसत नाही, चिडचिड होते. तेव्हा आठवा की बार्सिलोनाच्या किनाऱ्यावर ती अशाच उलट्या चित्राकडे बघत, पोटाशी कॅमेरा धरून, चौकट जुळवत होती.

सामान

लिनो शीट, कटरचा साधा संच (एक व्ही आणि दोन यू आकाराची पाती पुरतात), रबरी रोलर, काळी शाई, ट्रेसिंग पेपर, पातळ पण चिवट कागद, घडीसाठी जाड हातकागद. हातकागद पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत बघा, एरवी कलासाहित्याच्या दुकानात मिळतो. शाई पाण्याची असली तर धुवायला सोपी, पण एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात रोलरवरच सुकते. छापखान्यातली ऑफसेटची काळी शाई थोडी मागून आणली तर फार सुंदर काळा येतो. ती आधी खाद्यतेलाने आणि मग साबणाने पुसून काढायची. शाई पसरायला काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा. प्रेस नको, स्टीलचा गोल डाव पुरेसा आहे.

सात पानं

पहिलं पान: कॅफेचं टेबल. पॅरिसमधल्या कॅफे दु दोममध्ये दोघं शेजारी बसलेले, ती हसतेय, तो तिच्याकडे बघतोय, असा एक फोटो त्यांचा मित्र फ्रेड स्टाइन याने काढलेला आहे. तो जरूर बघा, बराच वेळ बघा. मग चेहरे सोडून द्या. टेबल, दोन कप, दोन हात एवढंच कापा. चेहरे लिनोत कापणं नवख्याच्या हाताला जड जातंच, पण खरं कारण वेगळं आहे: तो फोटो स्टाइनचा आहे, आपण त्याची नक्कल का करावी?

दुसरं पान: तिचा चौकोन. तारोचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला फोटो ऑगस्ट १९३६ चा आहे. बार्सिलोनाबाहेरच्या किनाऱ्यावर सराव करणारी एक स्वयंसेविका, एक गुडघा टेकलेला, पिस्तूल रोखलेलं, आकृती जवळजवळ काळी. आणि पायांत टाचेचे बूट. कॅमेरा खाली आहे, त्यामुळे बाईमागे आभाळ येतं आणि ती उंच दिसते. मला वाटतं, तारोची सगळी नजर त्या बुटांत आहे. शहरातून तशीच उठून आलेली बाई तिला दिसली आणि ते बूट तिने चौकटीबाहेर जाऊ दिले नाहीत.

हा फोटो ट्रेस करू नका. त्याची बैठक घ्या. संध्याकाळी गच्चीवर किंवा मैदानात मैत्रिणीला गुडघा टेकून बसवा. हातात पिस्तूल नको, काहीही चालेल, अगदी कॅमेरासुद्धा. फोनवर चौरस चौकट लावा, फोन पोटाच्या खाली न्या आणि सूर्याकडे तोंड करून फोटो काढा. आकृती काळी येईल, कडा स्वच्छ येतील. लिनोला हेच हवं असतं.

आता कापणं. फोटोची बाह्यरेषा ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढा, कागद पालथा करून लिनोवर ठेवा, मागून नखाने घासा. चित्र आपोआप उलटं उतरतं. लिनो दहा मिनिटं उन्हात ठेवा, लोण्यासारखा नाही पण बऱ्यापैकी मऊ होतो. पांढरं जे हवं ते कापून काढायचं, काळं जे हवं ते ठेवायचं. आधी व्ही पात्याने आकृतीभोवती बारीक खाच, मग यू पात्याने बाहेरचं आभाळ. पातं जवळजवळ आडवं धरा. ते खोल गेलं तर अडकतं आणि निसटतं. दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा. हा नियम मोडणाऱ्यांच्या डाव्या अंगठ्यावर मी टाके पाहिले आहेत. ठोकळा हातात फिरवत राहा, वळणावर पातं नव्हे, ठोकळा वळवायचा. आभाळात पात्याचे काही ओरखडे राहतील. ते साफ करत बसू नका, तीच हवा आहे.

शाई काचेवर पसरताना कान द्या. रोलर चिकट आवाज करत असेल तर शाई जास्त आहे. पत्र्यावर बारीक पाऊस पडतो तसा आवाज आला की बरोबर. ठोकळ्यावर दोन-तीन पातळ थर द्या, कागद ठेवा आणि डावाच्या पाठीने मधून कडांकडे घासा. एक कोपरा उचलून बघा, फिकं असेल तर परत ठेवून घासा. पहिले दोन-तीन छाप प्रूफ समजा.

तिसरं पान: त्याचा आयत. इथे सगळ्यांना कापाच्या गाजलेल्या फोटोतला, गोळी लागून कोसळणारा सैनिक आठवतो. मी तो घेऊ देत नाही. ५ सप्टेंबर १९३६, सेरो मुरियानो, अशी त्याची नोंद वर्षानुवर्षं चालत आली, पण मागच्या डोंगररांगा बघून काही अभ्यासकांनी तो फोटो एस्पेखो गावाजवळचा असल्याचं मांडलं आणि तो क्षण कितपत घडवलेला होता यावर अजून वाद आहे. नवख्याने त्या वादात आपलं पहिलं पुस्तक अडकवू नये. त्याऐवजी कापाचे बिल्बाओचे फोटो बघा, मे १९३७ चे. हवाई हल्ल्याचा भोंगा झालाय आणि रस्त्यावरची माणसं पळता पळता वर बघताहेत. विमान चौकटीत नाही. आयतात खालच्या तिसऱ्या भागात चार-पाच वर वळलेली डोकी कापा, वरचा सगळा भाग रिकामा सोडा.

चौथं पान: दोन आयत, नाव नाही. १९३७ च्या वसंतानंतर दोघांच्याही हातात लायका. काही फोटो कुणाचे हे आजही आकारावरून सांगता येत नाही. याच काळात नात्याचंही असंच झालं होतं. लग्नाला तिने नकार दिला असं सांगतात. ती एकटी आघाडीवर जात होती, तिचे फोटो तिच्या नावाने छापून येत होते. हे पान थोडक्यात करा: एकच विषय, उदाहरणार्थ रस्ता, दोन वेगवेगळ्या दिवशी, न बघता दोनदा कापा आणि शेजारी लावा.

पाचवं पान. जुलै १९३७, माद्रिदजवळचं ब्रुनेते. रिपब्लिकन, म्हणजे स्पेनच्या सरकारच्या बाजूच्या सैन्याची माघार सुरू होती आणि वरून विमानं मारा करत होती, तरी ती फोटो काढत राहिली. २५ जुलैला माघारी येताना ती जखमींना नेणाऱ्या गाडीच्या पायरीवर उभी राहिली आणि त्या गोंधळात त्याच बाजूचा एक रणगाडा गाडीवर आदळला. दुसऱ्या दिवशी पहाटे एल एस्कोरियालच्या इस्पितळात ती गेली. कापा तेव्हा पॅरिसमध्ये होता. १ ऑगस्टला पॅरिसमध्ये तिची अंत्ययात्रा निघाली, हजारो लोक आले. तो तिचा सत्ताविसावा वाढदिवस होता.

हे पान कोरं छापायचं. कडेला अर्ध्या सेंटिमीटरची चौकट सोडा, आतला भाग कापून काढा, शाई लावू नका. जाड हातकागद पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये टिपून घ्या, ठोकळ्यावर ठेवा आणि डावाने जोर लावून घासा. कागदावर नुसती उठावाची चौकट राहते, तिरप्या उजेडात दिसते. सुकल्यावर हा तुकडा पानावर लावा.

मी पहिल्यांदा हे पुस्तक केलं तेव्हा इथे चौकोन ठेवला होता. चौकोन म्हणजे तारो, असं डोक्यात पक्कं बसलं होतं. मग लक्षात आलं की ब्रुनेतेत तिच्याकडे लायका होता. रिकामी चौकट आयतच हवी. चौकोन ठेवला की आपण तिला पुन्हा एक वर्ष मागे, शिकाऊपणात नेऊन बसवतो. ते पान मी फाडून परत केलं. तुम्हीही आकार बदलू नका.

सहावं पान: खोकं. पॅरिस पडण्याच्या बेतात असताना कापाचा मित्र आणि डार्करूम सांभाळणारा चिकी वाइस याने तारो, कापा आणि त्यांचा सहकारी डेव्हिड सेमूर, म्हणजे शिम, यांच्या स्पेनमधल्या निगेटिव्ह खोक्यांत भरल्या. ती खोकी मेक्सिकोला पोहोचली आणि तिथे कुणाच्या ध्यानीमनी नसताना पडून राहिली. डिसेंबर २००७ मध्ये ती न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफीत आली: १२६ रोल, सुमारे साडेचार हजार निगेटिव्ह. लोक त्यांना ‘मेक्सिकन सुटकेस’ म्हणतात, प्रत्यक्षात ती पुठ्ठ्याची खोकी आहेत. आत छोटे छोटे कप्पे, प्रत्येकात एक गुंडाळी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला तशाच चौकटी आखून हाताने लिहिलेली नावं.

आपल्याकडे आजीचा मसाल्याचा किंवा औषधांचा कप्प्यांचा डबा असतो, तशी ती दिसतात. हे पान कापायला सगळ्यात सोपं आणि बघायला सगळ्यात समृद्ध आहे: उभ्या-आडव्या रेषांची जाळी आणि काही कप्प्यांत गोल. सगळे कप्पे भरू नका.

सातवं पान: त्याची सतरा वर्षं. १९३८ मध्ये कापाने स्पेनचं पुस्तक काढलं आणि ते गेर्डाला अर्पण केलं. त्यात तिचेही फोटो होते, पण कुठला कुणाचा हे सांगितलेलं नव्हतं. तो पुढे चीनमध्ये गेला, ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरला, १९४७ मध्ये मॅग्नम या छायाचित्रकारांच्या संस्थेच्या संस्थापकांत होता. २५ मे १९५४ ला व्हिएतनाममध्ये थाय बिन्हजवळ त्याचा पाय सुरुंगावर पडला. वय चाळीस. त्या दिवशीच्या त्याच्या शेवटच्या फोटोंत गवताळ शेतातून पुढे चाललेले सैनिक आहेत, पाठमोरे. शेवटच्या आयतात फक्त गवत कापा. व्ही पात्याचे लहान, उभे फटके, खालून वर. माणसं नकोत.

बांधणी

हातकागदाचे पूर्ण शीट साधारण ५६ बाय ७६ सेंटिमीटरचे मिळतात. त्यातून १४ सेंटिमीटर उंचीच्या दोन पट्ट्या कापा. पान १६ सेंटिमीटर रुंद. पहिल्या पट्टीत चार पानं आणि जोडाला दोन सेंटिमीटर, दुसरीत तीन. चौथ्या पानावर दोन आयत शेजारी मावत नाहीत, म्हणून तिथले दोन ठोकळे अर्ध्या मापाचे घ्या, साडेचार बाय पावणेसात. घडीआधी पट्टी ठेवून चमच्याच्या दांड्याने रेघ ओढा, मग दुमडा.

चिकटवायला बाजारातला गोंद नको, छाप सुरकुततो. मैद्याची खळ शिजवा, पातळ लावा, वर कोरा कागद ठेवून हाताने दाबा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा. बाइंडर लोक कसर लागू नये म्हणून खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी आहे, घातलं तर वेगळं भांडं वापरा आणि हात धुवा. ऑफसेटची शाई सुकायला आठवडाही लागू शकतो, घाई केली तर समोरच्या पानाला लागते.

नावाबद्दल आणि हक्काबद्दल

घरात ठेवायला किंवा मित्राला द्यायला केलं तर प्रश्न नाही. प्रदर्शनात विकायचं असेल तर सावध राहा. भारतात कलाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो, इतर देशांत मुदती वेगळ्या आहेत, आणि कापाचे फोटो मॅग्नम व इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी सांभाळतात. मूळ फोटो हुबेहूब उतरवून विकायचा असेल तर आधी लेखी परवानगी मागा. वर सांगितल्याप्रमाणे बैठक घेऊन चित्र स्वतःचं केलं, तर ते स्वतःचंच राहतं.

शेवटच्या पानाच्या मागे बारीक अक्षरात लिहा: कुठल्या फोटोंकडे बघून हे केलं, ते कुणाचे. तारोच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. तिच्या मृत्यूनंतर तिचे कितीतरी फोटो कापाच्या नावाने फिरले. तिच्या घरचं कुणी नाझींच्या हातून वाचलं नाही, त्यामुळे हक्क सांगायला कुणी उरलं नव्हतं. इर्मे शाबर या जर्मन अभ्यासक बाईंनी वर्षानुवर्षं खपून तिचं आयुष्य आणि काम पुन्हा जुळवलं, आणि २००७ मध्ये न्यूयॉर्कला तिच्या एकटीच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. तोवर सत्तर वर्षं ती ‘कापाची प्रेयसी’ होती. आपल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर ‘कापा आणि त्याची गेर्डा’ असं काही लिहू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तीन शिक्के

सगळं सुकलं की साधं मोठं खोडरबर घ्या, तीन तुकडे करा. ‘कापा’, ‘कापा आणि तारो’, ‘तारो’ ही अक्षरं मऊ पेन्सिलीने ट्रेसिंगवर लिहा, पालथी घासा, बारीक व्ही पात्याने भोवतालचं कापा. देवनागरीचा इथे फायदा होतो. शिरोरेघ एक सलग उंचवटा म्हणून ठेवली की अक्षरं तिला लटकून राहतात, सुटी होऊन तुटत नाहीत. ‘रो’ची मात्रा मात्र शेवटी कापा, ती शिरोरेघेच्या वर एकटी असते आणि पहिल्यांदा तीच उडते.

मग पुस्तक पालथं करा. दुसऱ्या पानाच्या पाठीवर ‘कापा’ मारा, कारण किनाऱ्यावरच्या त्या दिवसांत तिचे फोटोही याच नावाने जायचे. तिसऱ्या पानाच्या पाठीवरही ‘कापा’. चौथ्यावर ‘कापा आणि तारो’. पाचव्या, कोऱ्या पानाच्या पाठीवर ‘तारो’. शिक्का सरळ खाली दाबा, हलवू नका, सरळ वर उचला, आणि शाई बोटाला लागेनाशी होईपर्यंत घडी मिटू नका.